अमेरिकेतला घरमालक राहतो कुठं?

पोस्ट मोठी आहे. जेवणं उरकल्यावर निवांत वाचा.

गेल्या वर्षी ताईसोबत अमेरिकेला जाऊन आलो. गुडघ्यांमुळे तिला एकटीनं एवढा प्रवास झेपत नव्हता आणि भाच्यानं माझंही तिकीट काढलं म्हणून जमलं, नाहीतर बार्शीच्या वार्ताहराला अमेरिका कुठली. भाचा नॉर्थ कॅरोलायनात शार्लट शहराच्या बाहेर राहतो. एकसारख्या घरांची लांबलचक रांग, प्रत्येकापुढे कातरलेली हिरवळ, गॅरेजची पांढरी दारं, आणि रस्त्यावर औषधाला माणूस नाही. पहिल्याच संध्याकाळी मी म्हणालो, "घर झकास घेतलंस रे."

"घेतलं नाही मामा, भाड्यानं आहे."

"बरं. मालक कुठं राहतो?"

भाचा हसला. "मालक म्हणजे कंपनी. हजारो घरं आहेत त्यांची. मी आजवर कंपनीचा एकही माणूस पाहिलेला नाही. किल्लीसुद्धा घेतली नाही, दाराच्या कुलपाचा नंबर मोबाइलवर आला."

कंपनीचं नाव लिहीत नाही, पोरगं अजून त्याच घरात राहतंय. पण आम्ही असतानाच जुलैत एसी बंद पडला. बाहेर पस्तीस-छत्तीस डिग्री, आणि ती घरं एसीशिवाय राहण्यासाठी बांधलेलीच नाहीत. अ‍ॅपवर तक्रार टाकली. अ‍ॅपनं तक्रारीला नंबर दिला. चार दिवस तो नंबर होता, माणूस नव्हता. ताई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची आणि एकच म्हणायची, "अरे मालकाला फोन लाव ना." फोन लागायचा, पण बोलायचं ते रेकॉर्डिंग. महिन्याचं बिल पाहिलं तर भाड्याखाली आणखी चार ओळी, कशाकशाचे डॉलर. कशाचे ते भाच्यालाही धड सांगता येईना.

माझा धंदा प्रश्न विचारण्याचा. परत आल्यावर मिळेल ते वाचत बसलो. मला वाटलं होतं, ही नव्या जमान्याची भानगड असेल. पण या गोष्टीची सुरुवात फार मागे आहे आणि ती आधी कातडीच्या रंगाशी आणि मग पैशाशी जोडलेली आहे.

आपल्याला अमेरिका म्हणजे स्वतःचं घर, स्वतःची गाडी असं वाटतं. पण १९४० साली तिथली निम्म्याहून जास्त कुटुंबं भाड्यानं राहत होती. स्वतःच्या घरात राहणारी ४४ टक्केसुद्धा नव्हती. कारण साधं होतं. घरासाठी कर्ज घ्यायचं तर जवळजवळ निम्मी रक्कम आधी आणा, उरलेली पाच-सात वर्षांत फेडा, आणि शेवटी एकदम मोठा हप्ता. पगारदार माणसाला हे कुठून जमणार? १९२९ च्या मंदीत होती ती घरंही जप्तीत जाऊ लागली तेव्हा रूझवेल्ट सरकारनं हात घातला. १९३३ मध्ये बुडती कर्जं सावरणारं महामंडळ काढलं आणि १९३४ मध्ये फेडरल हाउसिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन. कर्ज बँक देणार, ते बुडालं तर भरपाई सरकार देणार. त्यामुळे बँका वीस-पंचवीस वर्षांच्या मुदतीनं, थोडक्या रकमेवर कर्ज देऊ लागल्या.

योजना उत्तम, पण तिच्या पोटात विष होतं. कुठल्या वस्तीत कर्ज सुरक्षित आणि कुठल्या वस्तीत धोक्याचं, याचे शहराशहरांचे नकाशे तयार झाले. काळ्या लोकांच्या वस्त्या त्यात लाल रंगानं दाखवल्या होत्या. फेडरल हाउसिंगच्या नियमावलीनं तर वस्तीत वेगळ्या वंशाचे लोक येऊ नयेत अशी अट खरेदीखतात असणं चांगलं, असाच सल्ला दिला होता. म्हणजे सरकारी हमीच्या बळावर उपनगरं उभी राहिली, आणि कुणाला आत घ्यायचं नाही हेही कागदावरच ठरलं.

याच्याही आधी, १९२६ मध्ये, ओहायोतल्या युक्लिड या गावाचा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. गावाच्या कुठल्या भागात काय बांधायचं हे गावानं ठरवावं का, असा वाद होता. कोर्टानं गावाच्या बाजूनं निकाल दिला आणि सुट्या घरांच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या इमारतीला चक्क बांडगूळ ठरवलं. तेव्हापासून 'या भागात एका प्लॉटवर एका कुटुंबाचं एकच घर' असा नियम गावोगाव झाला. चाळ नको, मजले नकोत, म्हणजेच ओघानं भाडेकरू नको. भाडेकरूला बंदी करणारा कायदा कुणी केला नाही, तो राहू शकेल असं घरच बांधू दिलं नाही.

आता सगळ्यात गंमतीचा भाग. अमेरिकन उपनगराचं नाव काढलं की तिथल्या प्रत्येक पुस्तकात लेव्हिटाउन येतंच. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती, तिथं विल्यम लेव्हिट नावाच्या बिल्डरनं कारखान्यात मोटारी जुळवाव्यात तशी घरं बांधायला घेतली. फरक एवढाच की घर जागेवर उभं आणि कामगारांच्या टोळ्या एका घराकडून दुसऱ्या घराकडे. एक टोळी फक्त खिडक्या बसवणार, दुसरी फक्त रंग देणार. तळघर नाही, सिमेंटच्या जोत्यावर सरळ घर. ७५० चौरस फूट. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिली कुटुंबं राहायला आली.

ती घरं विकत दिलेली नव्हती, भाड्यानं दिलेली होती. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना महिना साधारण ६० डॉलरनं. ज्या वस्तीला जगभर 'स्वतःच्या घराचं स्वप्न' म्हणून ओळखतात, तिथले पहिले रहिवासी भाडेकरू होते! हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून बायकोला सांगायला गेलो. तिनं "बरं" म्हणून कुकरची शिट्टी मोजली.

त्या भाडेकरारात हिरवळ नियमित कापण्याची अट होती, कुंपण घालायला मनाई होती. आणि एक कलम असं की गोऱ्या वंशाखेरीज कुणालाही घर वापरता येणार नाही, घरकामाला येणारे नोकर तेवढे चालतील. नोकर चालतील! १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की अशा वंशाच्या अटी कोर्टामार्फत अमलात आणता येणार नाहीत. लेव्हिटनं कलम काढलं, धोरण काढलं नाही. काळ्या शेजारच्या मुलांना अंगणात खेळायला बोलावलं म्हणून आमचा भाडेकरार वाढवला नाही, असा आरोप दोन गोऱ्या भाडेकरू कुटुंबांनी केला होता.

१९४९ पासून लेव्हिटनं घरं विकायला काढली. किंमत ७,९९० डॉलर. सैनिकांना सरकारी हमीचं कर्ज मिळत होतं आणि महिन्याचा हप्ता भाड्याएवढाच, किंबहुना थोडा कमी पडत होता. मग कोण भाडं भरेल? आधीची सुमारे ४,००० भाड्याची घरं लेव्हिटनं १९५० मध्ये फिलाडेल्फियाच्या एका शैक्षणिक संस्थेला एकगठ्ठा विकून टाकली. गठ्ठ्यानं घरं विकत घेणारा लांबचा मालक तेव्हाही होता तर. पण सरकारी धोरणाचा वारा मालकीच्या बाजूनं होता, आणि १९६० पर्यंत स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं ६२ टक्क्यांवर गेली.

काळी कुटुंबं मात्र या वाऱ्याच्या बाहेर. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटाउनमध्ये मायर्स नावाच्या काळ्या कुटुंबानं घर घेतलं, तर दारात जमाव जमला, खिडक्यांवर दगड आले, आणि हे बरेच दिवस चाललं. कायद्यानं भेदभाव बंद व्हायला १९६८ उजाडलं. त्या वीस-पंचवीस वर्षांत गोऱ्या कामगाराच्या घराची किंमत वाढत गेली, त्यावर त्यानं मुलं शिकवली, म्हातारपण काढलं. काळा कामगार तेवढाच पगार मिळवून भाड्याच्या पावत्या जमवत राहिला.

पुढच्या तीस-चाळीस वर्षांवर फार थांबत नाही. काळा मध्यमवर्ग हळूहळू उपनगरांत पोचला. अटलांटाच्या बाजूला डेकाल्ब, क्लेटन या काउंटींत त्यांच्या चांगल्या वस्त्या झाल्या. उपनगरांत भाड्याची घरंही होतीच. कुणी निवृत्त मास्तर, कुणी अग्निशमन दलातला माणूस, जुनं घर न विकता भाड्यानं देणारा. एक स्वतःला, एक भाड्याला. आपल्याकडे रिटायर्ड माणूस वरचा मजला चढवतो आणि भाडेकरू ठेवतो, तसंच. मोठा पैसा या धंद्यात शिरत नव्हता, कारण शंभर फ्लॅटची एक इमारत सांभाळणं सोपं आणि शंभर ठिकाणी विखुरलेली शंभर घरं सांभाळणं म्हणजे डोक्याला ताप. इकडे नळ गळतोय, तिकडे किल्ली हरवलीय.

मग आलं २००८.

त्याआधी काही वर्षं बँकांनी ज्याला त्याला कर्जं वाटली होती. स्वतःच्या घरात राहणारी कुटुंबं २००४ मध्ये ६९ टक्क्यांवर गेली, इतिहासातला उच्चांक. पण कुणाला कुठलं कर्ज मिळालं हे बघा. कंट्रीवाइड या मोठ्या कर्जकंपनीनं दोन लाखांहून जास्त काळ्या आणि लॅटिनो कर्जदारांना तेवढ्याच ऐपतीच्या गोऱ्यांपेक्षा महाग कर्ज दिलं, असा सरकारचा आरोप होता. २०११ मध्ये ते प्रकरण ३३.५ कोटी डॉलरला मिटवलं गेलं. वेल्स फार्गो बँकेवरचं तसंच प्रकरण पुढच्या वर्षी १७.५ कोटींना मिटलं. ज्यांना आधी कर्जच देत नव्हते त्यांना आता वाईट कर्ज दिलं. मंदी आली तेव्हा सगळ्यात आधी त्यांचीच घरं जप्त झाली. फिनिक्समध्ये घरांच्या किमती निम्म्याहून खाली आल्या, लास व्हेगासमध्ये त्याहून वाईट.

जॉर्जिया राज्यात जप्त घरांचा लिलाव महिन्याच्या पहिल्या मंगळवारी काउंटीच्या कोर्टाच्या पायऱ्यांवर होतो. आपल्याकडं तहसीलच्या आवारात होतो तसाच, ओरडून बोली. २०१२ पासून त्या पायऱ्यांवर नवे गिऱ्हाईक दिसू लागले. हातात मोबाइल, पलीकडे ऑफिसात बसलेला कुणीतरी आकडे सांगतोय, आणि खिशात रोखीचे चेक. घर आतून बघायचंसुद्धा नाही. वस्ती कोणती, शाळा कशी, भाडं किती येईल, हिशोब आधीच झालेला. त्याच सुमाराला वॉरन बफे टीव्हीवर म्हणाले होते की सांभाळायची सोय असती तर आपण अशी लाख-दोन लाख घरं घेतली असती. ती सोय दुसऱ्यांनी केली.

सगळ्यात मोठा खेळाडू होता ब्लॅकस्टोन, न्यूयॉर्कची गुंतवणूक कंपनी. तिनं फिनिक्सपासून सुरुवात केली आणि इन्व्हिटेशन होम्स नावाची कंपनी उभी केली. एप्रिल २०१३ मध्ये अटलांटात एकाच व्यवहारात सुमारे १,४०० घरं घेतली. दुसरी कंपनी अमेरिकन होम्स फॉर रेंट. तिचे संस्थापक बी. वेन ह्यूज. या गृहस्थांचा मूळ धंदा काय, तर लोकांना सामान ठेवायला खोल्या भाड्यानं देणं, पब्लिक स्टोरेज. गोडाऊन भाड्यानं देणाऱ्याला घरं भाड्यानं देणं काय अवघड!

नोव्हेंबर २०१३ मध्ये आणखी एक पायरी गाठली गेली. इन्व्हिटेशन होम्सच्या ३,२०७ घरांचं येणारं भाडं तारण धरून ४७.९ कोटी डॉलरचे रोखे बाजारात विकले. म्हणजे तुम्ही एक तारखेला भरलेलं भाडं थेट कुणातरी गुंतवणूकदाराचं व्याज झालं. यात पेन्शन फंडही पुढे उतरले. २०१८ मध्ये टेक्सासच्या शिक्षकांचा पेन्शन फंड अशाच एका कंपनीसोबत घरं घ्यायच्या भागीदारीत शिरला. निवृत्त मास्तर पूर्वी एक घर भाड्यानं द्यायचे, आता त्यांच्या नावानं फंड हजारो घरं भाड्यानं देतो आणि मास्तरांना आपला भाडेकरू कोण हे माहीत नसतं.

आणि सरकार? घर घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसाला कर्ज सुलभ व्हावं म्हणून १९३८ मध्ये फॅनी मे नावाची संस्था निघाली होती. २०१७ मध्ये त्याच फॅनी मेनं इन्व्हिटेशन होम्सच्या १०० कोटी डॉलरच्या कर्जाला हमी दिली. ज्या हमीच्या जोरावर लेव्हिटाउनचा भाडेकरू मालक झाला होता, ती हमी फिरून मालकालाच मिळाली. त्याच वर्षी ती कंपनी शेअर बाजारात आली आणि दुसऱ्या एका कंपनीत मिसळून ८२,००० घरांची मालकीण झाली. ब्लॅकस्टोननं २०१९ पर्यंत आपला हिस्सा विकून नफा खिशात घातला, आणि नंतर दुसऱ्या दारानं, म्हणजे अशाच दुसऱ्या कंपन्या विकत घेऊन, ते पुन्हा आत आले.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, नाहीतर कमेंटमध्ये कुणीतरी सांगेलच. अख्ख्या अमेरिकेचा हिशोब केला तर या कंपन्यांचा वाटा किरकोळ आहे. अमेरिकी संसदेला अहवाल देणाऱ्या जीएओ या सरकारी लेखापरीक्षण संस्थेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये त्यांच्याकडे साडेचार लाखांच्या आसपास घरं होती, भाड्यानं असलेल्या अशा घरांच्या साधारण ३ टक्के. बाकी बहुतेक अजूनही छोट्या मालकांचीच. घरं महाग होण्याचं मोठं कारण म्हणजे मंदीनंतर पुरेशी घरं बांधलीच नाहीत, आणि 'एका प्लॉटवर एकच घर' हा १९२६ पासूनचा नियम अजून ठाण मांडून आहे. पण सरासरी फसवी असते. त्याच अहवालात अटलांटाचा आकडा २५ टक्के आहे, जॅक्सनव्हिलचा २१, आणि भाच्याच्या शार्लटचा १८. जिथं घरं स्वस्तात पडली, शाळा बऱ्या, नोकऱ्या वाढत्या आणि भाडेकरूला कायद्याचं संरक्षण कमी, तिथं या कंपन्या एकवटल्या.

त्याचा परिणाम काय? अटलांटाच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये फुल्टन काउंटीतल्या कोर्टाच्या नोंदी तपासल्या. घर खाली करण्याचे दावे मोठ्या कंपन्या छोट्या मालकांपेक्षा जास्त टाकत होत्या. काही कंपन्यांनी तर एका वर्षात आपल्या जवळपास एक तृतीयांश घरांवर नोटिसा काढल्या होत्या. दावा टाकला म्हणजे माणूस रस्त्यावर आला असं नाही, बऱ्याचदा तो भाडं वसुलीचा धाक असतो. पण त्या दाव्याची नोंद राहते आणि पुढचं घर मिळताना आडवी येते. सप्टेंबर २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननं इन्व्हिटेशन होम्सवर छुपे आकार लावल्याचा आणि डिपॉझिट अडवल्याचा ठपका ठेवला, ते प्रकरण ४.८ कोटी डॉलरला मिटलं. (भाच्याची कंपनी ही नव्हे, बरं का.)

हे वाचताना मला सारखे आमचे वडील आठवत होते.

आम्ही बार्शीत एका वाड्यात दोन खोल्यांत भाड्यानं राहायचो. मालक तिथंच पुढच्या सोप्यात. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी सातवीत होतो. पाच महिने भाडं थकलं. मालक दर महिन्याला एकदा यायचे, आईनं केलेला चहा प्यायचे, गिरणीची चौकशी करायचे आणि उठून जायचे. भाड्याचा विषय त्यांनी काढला नाही. पुढे वडिलांना किराणा दुकानात हिशोबाचं काम मिळालं, मग दोन वर्षं दर महिन्याला थोडंथोडं करून फेडलं. आता हेच अ‍ॅपला सांगून बघा. अ‍ॅप वाईट असतं असं नाही, त्याला पाच महिने थांबायचा अधिकारच नसतो. ते भाडं आधीच कुणाच्या तरी व्याजात धरलेलं असतं.

पण मी वाड्याचं गुणगान गाणार नाही. त्याच मालकांनी खोल्या देताना वडिलांना पहिला प्रश्न आडनावाचा विचारला होता. आडनावावरून कळेना तेव्हा गाव, कुळ, पाहुणे कुठले हे सगळं विचारून घेतलं. शेजारच्या गल्लीतल्या माझ्या वर्गमित्राच्या वडिलांना त्याच खोल्या रिकाम्या असताना "दिल्यात" म्हणून सांगितलं होतं. हे मला फार उशिरा, त्या मित्राच्याच तोंडून कळलं. तो हे हसत सांगत होता, आणि मला कुठं बघावं कळेना. चहा पिणारा मालक आणि "दिल्यात" म्हणणारा मालक, माणूस एकच.

भाच्याला मी मुद्दाम विचारलं, घर घेताना जातपात, रंग, काही विचारलं का रे? तो म्हणाला, "काहीच नाही मामा. पगार, क्रेडिट स्कोअर आणि मागचं भाडं वेळेवर भरलं का, एवढंच. मोबाइलवर दहा मिनिटांत झालं." त्याच्या उजव्या हाताला काळं कुटुंब राहतं, डावीकडे मेक्सिकोतून आलेलं. १९४७ च्या लेव्हिटाउनमध्ये या तिघांपैकी कुणालाच घर मिळालं नसतं. हेही खरंच.

त्या उजवीकडच्या बाई ताईला दोनदा केक देऊन गेल्या. भाच्याच्या मदतीनं गप्पा झाल्या. त्यांच्या आईवडिलांचं अटलांटाच्या बाजूला स्वतःचं घर होतं, मंदीत गेलं. नंतर त्याच वस्तीत कंपनीच्या घरात ते भाड्यानं राहिले, आणि भाडं जुन्या हप्त्यापेक्षा जास्त होतं. बाईंनी हे अगदी सहज सांगितलं, जसं आपण पाऊस पडला नाही म्हणून सांगतो. घर घेण्याचं विचारलं तर म्हणाल्या, पहिली रक्कम जमेपर्यंत भाडं वाढतं.

आणि आता अशा वस्त्यांतल्या मालकसंघांनीही दंड थोपटलेत. सोसायटीसारखे हे संघ, घरासमोरचं गवत किती इंच हे तेच ठरवतात. अनेक ठिकाणी त्यांनी ठराव केलेत की वस्तीतली इतकीच घरं भाड्यानं देता येतील. राग कंपनीवर आहे, पण दार बंद होतं भाडेकरूला. आपल्याकडच्या सोसायटीच्या मीटिंगा ज्यांनी पाहिल्यात त्यांना हा सूर ओळखीचा वाटेल. "भाडेकरू आले की वातावरण बिघडतं." वातावरण कुणाचं, हे कुणी सांगत नाही.

कंपन्यांनी यावर तोड काढलीय. जुनी घरं घेण्यापेक्षा नव्या वस्त्याच बांधायच्या, अख्ख्या भाड्यासाठी. ओळीनं दीडशे-दोनशे सुटी घरं, विकायला एकही नाही. शार्लटच्या बाहेर अशा वस्त्या उभ्या राहतायत, भाच्यानं गाडीतून एक दाखवली. सारखी घरं, सारखी हिरवळ, एकच मालक. लेव्हिटच्या बटाट्याच्या शेतासारखंच सगळं, फक्त करारात पुढे-मागे विकत घ्यायची सोय नाही.

हे लिहायचं आणखी एक कारण. ब्लॅकस्टोन आपल्याला परकी नाही. हिंजवडीतली काही ऑफिसं ज्या एम्बसी फंडाची, तो उभा करण्यात तिचा मोठा वाटा होता. मार्च २०२५ मध्ये तिनं पुण्याच्या कोलते-पाटील डेव्हलपर्समध्ये मोठा हिस्सा घेण्याचा करार जाहीर केला. ती घरं विकण्यासाठी बांधली जातात, भाड्यासाठी नाही, त्यामुळे उद्याच पुण्यात अटलांटा होईल असं मी म्हणत नाही. पण आपल्याकडे भाड्याच्या घरांवर बोलताना आपण अजून 'मालक विरुद्ध भाडेकरू' याच्यापुढे जात नाही, आणि दोन्हीकडे माणसंच आहेत असं धरून चालतो.

भाच्याला घर विकत घ्यायचं नाही असं नाही. पण तो एच-वन व्हिसावर. ग्रीन कार्डासाठी प्रत्येक देशाला ७ टक्क्यांची मर्यादा, त्यामुळे भारतात जन्मलेल्यांची रांग कित्येक वर्षांची. नोकरी गेली तर ६० दिवसांत दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. अशा माणसानं तीस वर्षांचं कर्ज कुठल्या भरवशावर घ्यायचं? आणि शाळा पत्त्यावर मिळते. चांगली सरकारी शाळा हवी तर त्या शाळेच्या हद्दीत घर हवं. म्हणून भाड्याचं घर, आणि म्हणून ही कंपनी. त्याच्यासारखी मराठी कुटुंबं त्या एका वस्तीत मी पाच मोजली. गणपतीची वर्गणीही त्यांच्यात ठरलेली आहे.

गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. करार संपत आलाय. अ‍ॅपवर नव्या भाड्याचे तीन पर्याय आलेत, मुदत जितकी वेगळी तितकं भाडं वेगळं, पण तिन्ही आताच्यापेक्षा जास्त. ताई स्पीकरवर ऐकत होती. तिला राहवलं नाही. "अरे त्यांना सांग ना, पोराची शाळा आहे, एवढं नका वाढवू म्हणावं."

"कुणाला सांगू आई?"

ताई गप्प झाली. मग तिनं मला विचारलं, "तू पेपरवाला ना, तुला तरी माहीत असेल, कुणाला सांगायचं असतं?"

भाच्यानं १२ महिन्यांचा पर्याय निवडला. शाळा ऑगस्टच्या शेवटी सुरू होते.